औषधनिर्मितीचे हैदराबाद : कंपन्यांची तांत्रिक क्षमता आणि प्रादेशिक सहकार्य

कारखाने एकमेकांशेजारी उभे केले, जवळपास एखादी राष्ट्रीय प्रयोगशाळा असली आणि विद्यापीठाशी सामंजस्य करार झाला, की नवनिर्मिती आपोआप सुरू होते, असे औद्योगिक धोरणांच्या मसुद्यांत बहुधा गृहीत धरलेले असते. ‘क्लस्टर’, ‘पार्क’, ‘व्हॅली’ ही नावे त्याच गृहीतकातून आली आहेत. प्रत्यक्षात एकाच औद्योगिक वसाहतीतील दोन कंपन्यांपैकी एक शेजारच्या प्रयोगशाळेच्या संशोधनावर उभी राहते, तर दुसरीला त्या प्रयोगशाळेचा काही उपयोग होत नाही. हा फरक का पडतो, याचे उत्तर शोधण्यासाठी देशात हैदराबादच्या औषध उद्योगाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. यशाबरोबर अपयशाचीही नोंद तेथे ठळकपणे झालेली आहे.

या प्रश्नाचा विचार जुना आहे. एकाच धंद्यातील कारखाने एका ठिकाणी एकवटले की त्या धंद्याचे मर्म फार काळ गुपित राहत नाही, असे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये मांडले होते. पुढे शंभर वर्षांनी, १९९० मध्ये, वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिन्थाल या अमेरिकी अभ्यासकांनी त्याला महत्त्वाची पुरवणी जोडली. बाहेरचे ज्ञान ओळखणे, ते आत्मसात करणे आणि त्याचा व्यवसायात वापर करणे ही कंपनीची स्वतंत्र क्षमता असते आणि ती आधी केलेल्या संशोधनातूनच निर्माण होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मराठीत तिला ‘ग्रहणक्षमता’ म्हणता येईल. चिलीमधील कोल्चाग्वा खोऱ्यातील द्राक्षमद्य उत्पादकांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही असेच चित्र दिसले. खोऱ्यातील सर्व उत्पादक एकमेकांना ओळखत होते, परंतु तांत्रिक ज्ञानाची देवाणघेवाण मुख्यतः सक्षम उत्पादकांमध्येच होत होती. ज्यांच्याकडे प्रशिक्षित कृषितज्ज्ञ नव्हते आणि प्रयोगही होत नव्हते, ते त्या खोऱ्यात राहूनही ज्ञानाच्या जाळ्याबाहेरच होते.

हैदराबादमध्ये या जाळ्याची पहिली गाठ स्वातंत्र्यापूर्वीच बांधली गेली. निजामाच्या राजवटीत १९४४ साली स्थापन झालेल्या प्रयोगशाळा १९५६ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे आल्या आणि ‘प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. १९८९ पासून ही संस्था भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयआयसीटी, या नावाने काम करते. दुसरी गाठ सार्वजनिक क्षेत्राची. इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स लिमिटेड ही कंपनी केंद्र सरकारने १९६१ मध्ये स्थापन केली आणि सोव्हिएत संघाच्या साह्याने हृषीकेश येथे प्रतिजैविकांचा, तर हैदराबादेत संश्लेषित औषधांचा कारखाना उभारला. त्याआधी १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली होती. आयडीपीएलचे व्यावसायिक आयुष्य फारसे सुखाचे ठरले नाही. १९९२ मध्ये ती आजारी उद्योग म्हणून जाहीर झाली. मात्र तिच्या ताळेबंदात कधीही न दिसलेली एक मालमत्ता शहरात मागे राहिली. रासायनिक अभिक्रिया प्रयोगशाळेतील काचपात्रातून काढून हजारो लिटरच्या अभिक्रियापात्रात यशस्वी करून दाखवू शकणारे अभियंते आणि रसायनशास्त्रज्ञ हीच ती मालमत्ता होती.

औषधनिर्मितीत याच कामाला सर्वाधिक मोल असते. काचपात्रात शंभर ग्रॅम पदार्थ तयार करताना जी उष्णता सहज निघून जाते, ती मोठ्या पात्रात साठते. ढवळण्याचा वेग, द्रावकाचा दर्जा, स्फटिकीकरणाचे तापमान यांतील किरकोळ फरकाने उत्पादन निम्म्यावर येते किंवा अशुद्धी मर्यादेबाहेर जाते. हे ज्ञान शोधनिबंधांत क्वचितच छापले जाते. ते हाताने काम केलेल्या माणसांबरोबर फिरते.

या माणसांना संधी मिळाली ती कायद्यामुळे. एन. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे संमत झालेला १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अंमलात आला. औषधांच्या बाबतीत त्याने अंतिम पदार्थावरील पेटंट रद्द केले आणि केवळ निर्मितीप्रक्रियेवर, तेही कमाल सात वर्षांचे, पेटंट ठेवले. परिणामी, ठाऊक असलेला औषधी रेणू वेगळ्या मार्गाने तयार करणे भारतीय कंपन्यांसाठी कायदेशीर झाले. परंतु कायद्याने केवळ दार उघडले होते. वेगळा मार्ग शोधण्यासाठी प्रक्रिया-रसायनशास्त्राचे ज्ञान लागत होते आणि ते ज्यांच्यापाशी होते त्यांनाच त्या दारातून आत जाता आले. या कायद्याचे श्रेय सांगताना ही बाब अनेकदा सुटून जाते.

डॉ. के. अंजी रेड्डी यांच्या वाटचालीत या साऱ्या गाठी एकत्र दिसतात. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे अनेक पिढ्यांच्या ओळखीच्या यूडीसीटीत, त्यांनी औषधनिर्मितीचे शिक्षण घेतले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून १९६९ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि मग ते हैदराबादच्या आयडीपीएलमध्ये रुजू झाले. तेथून बाहेर पडून त्यांनी आधी भागीदारीत कंपन्या चालवल्या आणि १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज स्थापन केली. रक्तदाबावरील मिथाइलडोपा हे तिचे सुरुवातीचे महत्त्वाचे उत्पादन होते. पुढे हीच कंपनी इतरांसाठी प्रशिक्षणशाळा ठरली. हेटेरोचे संस्थापक बी. पार्थसारधी रेड्डी तेथे शास्त्रज्ञ होते. डिव्हिज लॅबोरेटरीजचे मुरली दिवी यांनी स्वतःची कंपनी काढण्यापूर्वी अंजी रेड्डी यांच्यासमवेत केमिनॉरमध्ये काम केले होते. एका कारखान्यातून बाहेर पडलेल्या माणसांनी दुसरा कारखाना काढणे हाच हैदराबादेतील ज्ञानप्रसाराचा मुख्य मार्ग राहिला आहे. औपचारिक सहकार्य करारांचा वाटा त्या तुलनेत बराच कमी आहे.

या मार्गाच्या मर्यादाही त्याच कंपनीच्या अनुभवातून स्पष्ट होतात. ज्ञात रेणू नव्या मार्गाने बनवण्याच्या क्षमतेतून संपूर्ण नवे औषध शोधण्याची क्षमता आपोआप येत नाही. डॉ. रेड्डीजने १९९७ मध्ये मधुमेहावरील बॅलाग्लिटाझोन हा स्वतः शोधलेला रेणू डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीला परवान्याने दिला. भारतीय औषध कंपनीने असा करार करण्याची ती पहिली वेळ मानली जाते. मात्र ते औषध बाजारात आलेच नाही. प्राण्यांवरील चाचण्या, विषविज्ञान, मोठ्या मानवी चाचण्यांचे नियोजन या क्षमता तोवर शहरातील कोणत्याही कंपनीत वा संस्थेत पुरेशा विकसित झालेल्या नव्हत्या. शेजाऱ्याकडेही जे नाही, ते सहकार्यातून मिळत नाही.

आता उलट बाजूचे उदाहरण. कंपनी दूर असूनही प्रयोगशाळेचा लाभ होऊ शकतो काय? एचआयव्हीवरील औषधांच्या इतिहासात याचे उत्तर होकारार्थी आहे. डॉ. ए. व्ही. रामाराव हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दीर्घकाळ संशोधन करून १९८५ मध्ये हैदराबादच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्यांच्या चमूने झिडोव्हुडिन, म्हणजे एझेडटी, या औषधाची स्वस्त निर्मितीप्रक्रिया विकसित केली आणि तिचा वापर केला तो मुंबईच्या सिप्ला कंपनीने. १९३५ पासून औषधनिर्मितीत असलेल्या सिप्लाकडे ही प्रक्रिया कारखान्यात उतरवणारे स्वतःचे रसायनशास्त्रज्ञ होते. या विषाणूवरील औषधांचा अनुभव साठत गेला आणि फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाने तीन औषधांची एकत्रित उपचारयोजना ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला प्रतिरुग्ण वार्षिक ३५० डॉलर दराने देऊ केली. त्यावेळी श्रीमंत देशांत हाच उपचार वर्षाला दहा हजार डॉलरहून महाग होता. आफ्रिकेतील लक्षावधी रुग्णांच्या दृष्टीने या फरकाचा अर्थ जगणे की मरणे असा होता. मुंबई ते हैदराबाद हे अंतर सुमारे सातशे किलोमीटर आहे. त्या प्रयोगशाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या अनेक लहान कारखान्यांना जे जमले नाही, ते या अंतरावरून झाले. प्रदेश म्हणजे नकाशावरील वर्तुळ, ही समजूत येथे अपुरी पडते.

याचा अर्थ जवळीक निरुपयोगी आहे, असाही नाही. ज्या कंपनीकडे आरंभी काहीच नसते, तिला मात्र ती अत्यावश्यक ठरते. शांता बायोटेक्निक्सची कथा यादृष्टीने लक्षणीय आहे. तिचे संस्थापक के. आय. वरप्रसाद रेड्डी हे इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते होते. जैवतंत्रज्ञानाशी त्यांचा संबंध नव्हता. १९९३ मध्ये कंपनी स्थापन झाल्यावर तिचे काम आधी उस्मानिया विद्यापीठात आणि नंतर पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात, म्हणजे सीसीएमबीत, चालले. कंपनीचे तरुण संशोधक सरकारी प्रयोगशाळेतील उपकरणांवर, तेथील शास्त्रज्ञांच्या शेजारी बसून काम शिकले. १९९७ मध्ये पुनःसंयोजित डीएनए तंत्राने बनवलेली भारतातील पहिली हेपॅटायटिस-बी लस त्यातून बाजारात आली आणि तोवर केवळ सधन कुटुंबांना परवडणाऱ्या आयात लशींच्या किमती कोसळल्या. येथे क्षमता आधी आणि सहकार्य नंतर, असा क्रम नव्हता. सहकार्यातूनच क्षमता घडली. पण त्यासाठी कंपनीने माणसे नेमली, त्यांना काही वर्षे उत्पन्नाशिवाय पोसले आणि सरकारी संस्थेनेही आपल्या दारात पाटी न लावता त्यांना आत घेतले. देशातील किती प्रयोगशाळा आजही एखाद्या लहान उद्योगाच्या माणसांना अशी वर्षानुवर्षे जागा देतील, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. २००९ मध्ये शांता फ्रान्सच्या सनोफी समूहाकडे गेली.

लशींच्या क्षेत्रात हैदराबादचे जाळे पुढे राज्याबाहेर विस्तारले. १९९६ मध्ये सुरू झालेल्या भारत बायोटेकची रोटाव्हायरसवरील लस ज्या विषाणूवाणापासून बनली, तो ११६ई वाण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नवजात बालकांमध्ये सापडला होता. जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकी संस्था आणि ‘पाथ’ ही स्वयंसेवी संस्था या प्रकल्पात सहभागी होत्या. तिसऱ्या टप्प्याची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू या ठिकाणी मिळून ६,७९९ बालकांवर झाली. २०१६ पासून ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात दिली जाऊ लागली. प्रयोगशाळेतील वाणापासून कार्यक्रमातील लशीपर्यंतच्या या प्रवासाला सुमारे तीन दशके लागली.

कोव्हॅक्सिनच्या बाबतीत तोच प्रवास काही महिन्यांत झाला, आणि त्यामुळेच क्षमतेचा फरक अधिक उठून दिसतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने वेगळा केलेला करोना विषाणू २०२० मध्ये भारत बायोटेककडे सोपवण्यात आला. जिवंत विषाणू मोठ्या प्रमाणावर वाढवून तो निष्क्रिय करायचा, तर अतिदक्षतेची जैवसुरक्षा स्तर-३ची उत्पादनसुविधा हवी. ती हैदराबादेत या कंपनीकडे होती. ३ जानेवारी २०२१ रोजी लशीला आपत्कालीन वापराची मंजुरी मिळाली. लशींचा तुटवडा भासू लागताच केंद्राने हेच तंत्रज्ञान इतर संस्थांना देण्याचे ठरवले. त्यांत मुंबईचे हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ आणि हैदराबादचीच इंडियन इम्युनॉलॉजिकल्स होती. पशुलशींसह विविध लशी बनवण्याचा अनुभव असलेल्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने त्याच वर्षी लशीचा मूळ घटक पुरवण्यास सुरुवात केली. पोलिओ लशीच्या निर्मितीत नाव मिळवलेल्या हाफकिनला मात्र आवश्यक जैवसुरक्षा सुविधा उभारण्यापासून प्रारंभ करायचा होता. महाराष्ट्रात या निर्णयाचे मोठे स्वागत झाले होते. परंतु तंत्रज्ञान देण्याची तयारी आणि ते घेण्याची सिद्धता यांतील अंतर शासकीय आदेशाने भरून निघत नाही.

आतापर्यंत सांगितलेल्या यशांच्या दुसऱ्या बाजूला पटणचेरू आहे. हैदराबादच्या वायव्येला असलेल्या पटणचेरू-बोलारम पट्ट्यात मूळ औषधद्रव्ये बनवणारे लहान-मोठे कारखाने दाटीवाटीने उभे राहिले. प्रत्येकाला स्वतःचा सांडपाणी प्रकल्प परवडत नसल्याने त्यांनी सामायिक प्रक्रिया केंद्र उभारले. पाठ्यपुस्तकी व्याख्येनुसार हे आदर्श प्रादेशिक सहकार्य म्हणावे लागेल. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातील योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. सुमारे ९० कारखान्यांचे सांडपाणी तेथे येत होते. प्रक्रियेनंतरच्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात या औषधाचे जे प्रमाण असते, त्याहून ते अधिक होते. हे पाणी तेव्हा इसकावागू आणि नक्कावागू या ओढ्यांतून मराठवाड्यातून वाहत आलेल्या मांजरा नदीला आणि पुढे गोदावरीला मिळत होते.

यातील दोष तांत्रिक होता आणि संघटनात्मकही. अशा केंद्रातील प्रक्रिया मुख्यतः सूक्ष्मजीवांवर चालते. येणाऱ्या पाण्यात सूक्ष्मजीवांना मारणारे औषधच असेल तर तिची कार्यक्षमता घटते आणि जे जिवाणू टिकून राहतात ते औषधाला दाद न देणारे असतात. प्रतिजैविक-रोध निर्माण होण्यासाठी याहून अनुकूल जागा शोधून सापडणार नाही. हे रेणू उगमस्थानीच, म्हणजे प्रत्येक कारखान्याच्या आत, वेगळे करून नष्ट करावे लागतात. त्यासाठी आपल्या सांडपाण्यात नेमके काय आहे हे मोजू शकणारी उपकरणे आणि माणसे कारखान्यात असावी लागतात. मोठ्या निर्यातदार कंपन्यांना परदेशी नियामक आणि खरेदीदार यांच्या दबावामुळे ही क्षमता उभारावी लागली. लहान कारखान्यांनी सामायिक केंद्राची वर्गणी भरली आणि आपली जबाबदारी संपली असे मानले. क्षमतेविना केलेले सहकार्य अनेकांचे अज्ञान एका टाकीत एकत्र करते, असे म्हणणे कठोर वाटेल, पण पटणचेरूच्या बाबतीत ते वस्तुस्थितीला धरून आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या मर्यादांचा मसुदा जाहीर केला होता. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा वगळण्यात आल्या. मोजण्याची सक्ती नाही, म्हणून मोजण्याची क्षमता नाही, हे चक्र त्यामुळे कायम राहिले.

क्षमता एकदा मिळवली की ती कायम राहते, असेही नाही. पेनिसिलिन-जी हे त्याचे ठसठशीत उदाहरण. किण्वनाद्वारे तयार होणारे हे मूलद्रव्य पिंपरीत आणि देशातील अन्य कारखान्यांत बनत असे. चीनमधील स्वस्त मालापुढे भारतीय उत्पादन थांबले आणि त्याबरोबर जिवाणू-बुरशीचे उत्पादक वाण जोपासण्याचे, प्रचंड किण्वनपात्रे निर्जंतुक ठेवण्याचे कौशल्यही विखुरले. रासायनिक संश्लेषणात अग्रेसर राहिलेले हैदराबाद ही पोकळी भरून काढू शकले नाही, कारण ती वेगळी विद्या आहे. गलवान संघर्ष आणि महासाथ यांच्या वर्षी, २०२० मध्ये, आयातीवरील हे अवलंबित्व राष्ट्रीय चिंतेचा विषय बनले. केंद्राने मूळ औषधद्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना आणि औषधद्रव्य उद्यानांसाठी ३,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. अरबिंदो फार्माच्या समूहातील कंपनीने काकिनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचा कारखाना उभारला आणि २०२४ मध्ये तेथील उत्पादन सुरू झाले.

औषधद्रव्य उद्यानांसाठी गुजरात, हिमाचल प्रदेश आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांची निवड झाली आहे. प्रत्येक उद्यानातील सामायिक सुविधांसाठी कमाल १,००० कोटी रुपयांचे केंद्रीय साह्य आहे. वाफ, वीज, द्रावकांची पुनर्प्राप्ती, सांडपाणी प्रक्रिया, चाचणी प्रयोगशाळा या सुविधा एकत्र मिळाल्याने उत्पादनखर्च कमी व्हावा, हा त्यामागील हेतू रास्त आहे. पटणचेरूचा अनुभव लक्षात घेता मात्र सामायिक सांडपाणी केंद्रात येणारे पाणी प्रत्येक कारखान्याने कोणत्या अवस्थेत सोडायचे आणि ते कोण तपासणार, हा तपशील इमारतींच्या आराखड्याइतकाच महत्त्वाचा ठरेल.

लहान कारखान्यांच्या आतील क्षमतेचा प्रश्न सध्या आणखी एका कायदेशीर तरतुदीमुळे ऐरणीवर आला आहे. औषधनिर्मितीच्या दर्जाविषयीची सुधारित ‘अनुसूची एम’ डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झाली. गुणवत्ता-जोखीम व्यवस्थापन, उपकरणांचे प्रमाणीकरण, संगणकीय नोंदींची विश्वासार्हता या बाबी त्यात बंधनकारक आहेत. २५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या उद्योगांना आरंभी एक वर्षाची मुदत मिळाली. ती अपुरी असल्याचे उद्योजक संघटनांनी सांगितल्यावर अर्ज करणाऱ्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढ देण्यात आली. समूहांतील सामायिक प्रयोगशाळा आणि प्रशिक्षण केंद्रांसाठी केंद्राची ५०० कोटी रुपयांची स्वतंत्र योजना २०२२ मध्ये सुरू झाली. चाचणीचा अहवाल अशा प्रयोगशाळेतून मिळू शकतो. त्यात अशुद्धी आढळली तर ती निर्मितीच्या कोणत्या टप्प्यावर शिरली, हे शोधणारा रसायनशास्त्रज्ञ मात्र कारखान्याच्या वेतनपटावरच असावा लागतो.